चिंबोरखालाचा पाहुणचार

ड्रॅगनला पंख होते. यशराने स्वतः पुठ्ठा कापून, त्याला चंदेरी रंग मारून ते प्लास्टिकच्या एका डायनासोरच्या पाठीला चिकटवले होते. पण लढाई सुरू झाली आणि हा पंखवाला ड्रॅगन बाजारात विकायला आणलेल्या बैलासारखा मैदानाच्या मधोमध नुसता उभा राहिला. प्रणयच्या योद्ध्याने कुऱ्हाड घातली, रुचिकाच्या जादूगारणीने आग फेकली, झियानच्या चोराने तेवढ्यात ड्रॅगनच्या शेपटीखालची सोन्याची थैली लांबवली, आणि दुसऱ्याच फेरीत ड्रॅगन आडवा झाला. टेबलावरच्या बशीतले तळलेले बोंबील अजून गरम होते.

"मेला?" प्रणयने विचारलं.

"मेला," यशरा म्हणाली.

"पण तो उडाला का नाही गं?"

यशराने ड्रॅगन उचलून डब्यात ठेवला. डब्यात आधीचे मेलेले राक्षस होतेच, त्यातलाही कुणी धड लढून मेलेला नव्हता.

हे सगळं चालायचं आगरदांड्याला, जेट्टीच्या वरच्या अंगाला असलेल्या यशराच्या घराच्या पडवीत, दर रविवारी दुपारी. खेळ ऐकायला विचित्र, पण तसा सोपा. एकाने गोष्ट रचायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं होऊन तिच्यात शिरायचं. जंगल, किल्ले, भुयारं सगळं बोलण्यातलं; टेबलावर फक्त हाताने काढलेला नकाशा आणि सोंगट्या. लढाई जुंपली की वीस पैलूंचा फासा टाकायचा, घाव लागला की चुकला ते फासा सांगतो. गोष्ट रचणाऱ्याने राक्षसांच्या बाजूनेही खेळायचं, आणि गोष्ट रचायची यशरा. फासे तिच्या अब्बांनी, सिराजुद्दीन यांनी, मस्कतहून येताना आणले होते. मुलीने फोटो पाठवला म्हणून आणले. ते कशाला लागतात हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

खेळणारे तिघं. झियान हा यशराचा चुलतभाऊ, शेजारच्याच घरातला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. प्रणय मुरुडचा, घरचे टेम्पो होते ते तो बघायचा. आणि रुचिका दिवेआगरची. तिच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या होत्या. ती दिघीहून फेरीबोटीत स्कूटी चढवून खाडी ओलांडायची आणि संध्याकाळच्या बोटीने परत जायची. तिघं यशराचे कॉलेजातले सोबती, म्हणजे ज्यांच्यासमोर तिच्या तोंडाला कुलूप लागायचं नाही असे जगातले तीन लोक.

कारण यशरा एरवी बोलायची नाही. पहिलीच्या वर्गावर शिकवायची, पण शिक्षकांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून डबा खायची. लग्नाकार्यात तिला शोधायचं तर भांड्यांच्या ढिगामागे बघावं लागायचं. ह्या पडवीत मात्र ती "आणि मग दार उघडलं..." म्हणाली की तीन माणसं पुढे वाकायची. हे सुख तिला दुसऱ्या कुठल्याच दारात मिळालेलं नव्हतं.

आणि आता ती तीन माणसं मागे टेकून बसायला लागली होती.

"ऐक ना," प्रणय चप्पल घालता घालता म्हणाला. तो काही वाईट मुलगा नव्हता, म्हणून त्याला सांगणं जड जात होतं. "मुरुडला नवीन टर्फ झालाय. पोरं रविवार मागतायत, क्रिकेटला. पुढच्या रविवारी इथे शेवटचं खेळू, झकास. मग बंद करू या का?"

"सगळ्यांनी?" यशराने विचारलं.

रुचिका आणि झियानने एकमेकांकडे पाहिलं. त्यांचं आधीच बोलणं झालं होतं, हे कळायला फासा टाकायची गरज नव्हती.

"कंटाळा नाही गं आला," रुचिका म्हणाली. "पण काय होणार ते आधीच ठाऊक असतं. मी आग फेकणार, हा कुऱ्हाड घालणार, झियान खिसे कापणार. राक्षस बिचारे रांगेत उभे."

"बस स्टॉपवर उभे असल्यासारखे," झियानने भर घातली. घरचा माणूस म्हटला की तोंडाला लगाम नसतोच.

त्या रात्री यशरा उशीत डोकं खुपसून रडली, आणि सकाळी चेहरा धुऊन शाळेत गेली.

तिला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. ड्रॅगन उडाला नाही, कारण तिनेच त्याला उडू दिलं नाही. तो वर गेला असता तर प्रणयची कुऱ्हाड पोचली नसती. बिचारा मुरुडहून उन्हातून यायचा, आणि त्याला हात हलवत बसवायचं? तिच्या घरात पाहुण्याच्या ताटातली कोशिंबीर संपली तर गुन्हा झाल्यासारखी धावपळ व्हायची. त्या घरात वाढलेल्या पोरीने पाहुण्याला हरवायचं तरी कसं? रुचिका घाबरेल म्हणून तिचे राक्षस अंधारात लपायचे नाहीत, आणि झियानचा मान राहावा म्हणून थैलीला कडी नसायची. पाहुण्यांचे लाड करता करता तिने बिचाऱ्या राक्षसांचं वाटोळं केलं होतं.

आता एका आठवड्यात ही सवय मोडायची कशी? तिने मोठमोठे जबडे काढून पाहिले, विषारी नांग्या काढून पाहिल्या. सगळं कागदावर भयंकर दिसायचं, आणि मनात ती प्रणयला त्यांच्यासमोर उभं करायची तेव्हा तिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

गुरुवारी म्हसळ्याचे पाहुणे आले. अब्बांचे लांबचे भाऊ आणि त्यांची बायको, लेकीच्या लग्नाचं आवतण द्यायला. दोघं उंबऱ्यातूनच म्हणाले, "बसत नाही हां भाभी, पाच मिनिटं फक्त. समोरची बोट पकडायचीय."

यशराच्या अम्मी, नसीबा, खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. "व्हय व्हय, जा की," त्या म्हणाल्या. "तुमाला कोन अडवतोय? यशरा, त्यांच्या चपला आत घे गो, उनात तापतील."

चपला आत गेल्या.

यशरा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आजवर हा सोहळा तिने शंभरदा पाहिला असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. आधी सरबत आलं, ते प्यायला वेळ लागत नाही, म्हणून पाहुणे निवांत झाले. मग तांदळाची सांदणं आली, वाफेवरून थेट उतरवलेली. "गरम हाय, दमानं घ्या." दमानं घेण्यावाचून इलाजच नव्हता. पाहुणीच्या बशीत एक उरलं तशी अम्मीने हळूच विचारलं, "आनि तुमचं ते पित्ताशयाचं आपरेशन?" पाहुणीने बशी खाली ठेवली आणि पदर सावरून बसली. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले तसं अम्मी म्हणाल्या, "तुमी चला हवं तर. कोलंबीची कढी चुलीवर हाय, पन तुमच्या नशिबात न्हाय." पाहुण्यांनी घड्याळाचा हात मांडीखाली घेतला.

खाली जेट्टीवर बोटीचा भोंगा झाला. मग आणखी एकदा झाला. अंधार पडायच्या सुमाराला अम्मीने गाद्या काढायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणच्याची बरणी घेऊन पाहुणे गेले, आणि यशरा ओट्याला टेकून एकटीच हसत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ती जबडे आणि नांग्या शोधत होती, आणि जिच्या हातून आजवर एकही पाहुणा वेळेवर सुटला नव्हता ती बाई समोरच्या खुर्चीत लसूण सोलत बसली होती. अम्मीला धावता येत नाही, म्हणून ती धावायच्या भानगडीतच पडत नाही. ती 'थांबा' म्हणत नाही, दारही अडवत नाही. आपलं अंगण, आपली चूल आणि आपली खाडी ह्यांच्याकडून ती सगळं काम करून घेते.

आणि ह्यात पाहुण्याचा अपमान कुठे होता? उलट त्याचा मानच होता. यशराला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

रविवारी तिघं आले. टेबलावर नकाशा मांडलेला होता: किनारा, समुद्रात एक पडका किल्ला, आणि किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत वाळूची चिंचोळी वाट. नकाशाच्या कडेला यशराची निळी ओढणी घडी करून ठेवली होती.

"किल्ल्यात चिंबोरखाला राहते," यशराने सुरुवात केली. खाला म्हणजे मावशी हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि चिंबोरी म्हणजे खेकडा हे किनाऱ्यावरच्या पोराला सांगावं लागत नाही. "वर म्हातारी बाई, खाली खेकडा. गावचे मासेमारीचे मचवे नाहीसे होतायत. लोक म्हणतात खाला गिळते. तिच्या माडीवर मोत्यांची पेटी आहे. गावाने तुम्हाला पाठवलंय."

"ओहोटी कधीची?" रुचिकाने विचारलं. पोर हुशार होती.

"आत्ताच पुरी लागलीय. वाट कोरडी आहे." यशराने क्षणभर थांबून पुढचंही सांगितलं, कारण लबाडी तिला करायची नव्हती. "आज अमावस्या आहे."

अमावस्येला उधाण येतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि भराभर चढतं, हे ह्या तिघांना पाळण्यात असल्यापासून माहीत. तिघांनी माना डोलावल्या आणि निघाले.

म्हातारी किल्ल्याच्या दारातच खुर्ची टाकून बसली होती, शिंपल्यांतली कालवं फोडत. प्रणयने फासा हातात घेतला. "माझा वज्रसेन कुऱ्हाड उपसतो."

"उपस," यशरा म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला, जरा घोगरा आणि ऐसपैस झाला. "आलात? या, या. मारायला आलात ना? मारा की, तुमाला कोन अडवतोय? पन उन्हातनं आलात, घोटभर पानी तरी घ्या. तहानलेल्या मानसाच्या हातनं मेले तर मला जन्नत मिळायची न्हाय."

झियान फिसकन हसला. प्रणयची कुऱ्हाड हवेतच राहिली. समोर डोळे वटारलेला राक्षस असता तर त्याने घाव घातला असता. पण कालवं पुढे करणाऱ्या म्हातारीच्या डोक्यात कुऱ्हाड घालायची म्हणजे त्याला त्याच्या आजीने घरात घेतलं नसतं.

"विष असेल," रुचिका कुजबुजली आणि तिने फासा टाकला. जादूने तपासलं, तर विष नव्हतं. कालवं ताजी होती.

"बसतो," प्रणय म्हणाला. "पण कुऱ्हाड मांडीवर."

"ठेव की," खाला म्हणाली. "ते लोखंडी चिलखत तेवढं काढू नकोस हां पोरा, वारा लागेल."

यशराने ओढणीची एक घडी उलगडली आणि निळं कापड नकाशाच्या कडेवर सरकवलं. वर पंखा फिरत होता. कापड उडतंय म्हणून ती नीट करतेय, असंच कुणालाही वाटलं असतं.

त्याच वेळी खऱ्या अम्मी, म्हणजे पोरांच्या नसीबाचाची, लंगडत आल्या आणि त्यांनी सांदणांची परात टेबलावर ठेवली. सांदणं गरम होती. यशराने त्यांना काही शिकवलं नव्हतं. सकाळी एवढंच म्हणाली होती, "अम्मी, आज तू नेहमीसारखीच वाग."

मग खाला एकेकाकडे वळली. वज्रसेनाला तिने विचारलं, एवढे घाव कुठे कुठे लागले रे अंगावर? प्रणयला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने दंडावरच्या घावापासून सुरुवात केली आणि पार पहिल्या लढाईपर्यंत मागे गेला. निळं कापड पुढे सरकलं. जादूगारणीला तिने आगीचे मंत्र विचारले, आणि रुचिकाने दोन करून दाखवले, कौतुक होतंय म्हटल्यावर तिसराही. पुढे सरकलं. झियानचा चोर एव्हाना मागल्या दाराने माडीवर गेला होता आणि मोत्यांची पेटी सापडूनसुद्धा चमचे, वाट्या, पितळी दिवे पिशवीत भरत होता.

"तुला ते दिसत नाहीये ना?" झियानने खात्री करून घेतली.

"म्हातारीची नजर अधू आहे," यशरा म्हणाली. नजर खरंच अधू होती. पिशवी जड झाल्याचा आवाज मात्र खालाला छान ऐकू येत होता.

"बास आता," शेवटी प्रणय म्हणाला. "वज्रसेन उठतो. खाला, पाहुणचार उत्तम झाला. आता लढाई."

"जा की, लढा," खाला म्हणाली. "कोलंबीची कढी चुलीवर हाय, तेवढी तुमच्या नशिबात न्हाय."

प्रणयने रुचिकाकडे पाहिलं. "कढी किती वेळात होईल?" त्याने विचारलं.

यशराने ओढणीची शेवटची घडी उलगडली.

ते रुचिकाला दिसलं. सांदण हातात तसंच धरून ती नकाशाकडे बघत राहिली. वाळूची वाट नव्हती. किल्ल्याच्या चारी बाजूंना निळं कापड होतं, आणि त्याची कड दारातून आत आली होती, तिघांच्या सोंगट्यांच्या पायांपर्यंत.

"भरती!" रुचिका किंचाळली. "अरे भरती आली! उधाणाची!"

"कधी?" प्रणय उठून उभा राहिला, खरोखरचा.

"तुझ्या दंडाचा घाव सांगत होतास तेव्हा!" रुचिकाने कपाळावर हात मारला. दर हिवाळ्यात दिवेआगरच्या वाळूत गाडी घालून भरतीत अडकणाऱ्या पर्यटकांना ती पोट धरून हसायची, आणि मुरुडच्या किनाऱ्यावर अशाच गाड्या प्रणयचा टेम्पो ओढून काढायचा. "आपण! आपण तिघं अडकलो! कुणाला सांगू नका हां हे!"

"आणि खाला?" झियानने विचारलं.

"खुर्ची रिकामी आहे," यशरा म्हणाली.

मग जी लढाई झाली तशी त्या पडवीत कधी झाली नव्हती. जमिनीवर खाला दोन घावांत संपली असती. पाण्यात ती सापडतच नव्हती. प्रणयने कुऱ्हाड घालावी तर समोर नुसतं पाणी, आणि मागून नांगी येऊन पायाला धरायची. एक हिसका द्यायची, सोडायची, पुन्हा बुडी. चिलखत भिजून जड झालं, वज्रसेनाला पाय उचलेना. रुचिकाने आग फेकली तर चर्र आवाज होऊन वाफ झाली आणि त्या वाफेत कुणालाच काही दिसेना. तीन मंत्र तर तिने कौतुकापोटी आधीच खर्च केले होते. झियान पोहायला गेला आणि चमच्यांच्या पिशवीसकट तळाला लागला.

"सोड ती पिशवी!" दोघं ओरडले.

"दिवे पितळेचे आहेत!" झियान ओरडला.

फासे टेबलावरून उडून अंगणात गेले. प्रणय अनवाणी धावत जाऊन त्यांच्यावर वाकला आणि तिथूनच बोंबलला, "अठरा आलेत, अठरा! लागला घाव!" एक नांगी तुटली. पडवीत असा जल्लोष झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. तीन मचवे किल्ल्याच्या आतल्या भिंतीला लागून मोडून पडलेले झियानला तळाशी दिसले. आणि पाणी छातीपर्यंत आलं.

यशराचा चेहरा लाल झाला होता. ती ओरडत होती, हात उगारत होती, एकदा तर तिने खालाच्या आवाजात प्रणयला 'मेल्या' म्हटलं. पाहुण्यांना ती सपशेल हरवत होती, आणि पाहुणे खुशीने वेडे झाले होते.

वज्रसेनाच्या अंगात आता एकच घाव सोसण्याएवढा जीव उरला होता. तेव्हा रुचिकाने फासा खाली ठेवला.

"मी लढत नाही," ती म्हणाली. "मी बोलते. खाला, तुम्हाला हवंय तरी काय? मोती हवे तर ठेवून घ्या. आम्हाला मारून काय मिळणार?"

ह्या प्रश्नाचं उत्तर यशराने तयार ठेवलं होतं. खाला हसणार होती आणि म्हणणार होती, 'हाडं! मला तुमची हाडं हवीत.' चांगलं भयंकर उत्तर होतं. तिने तोंड उघडलं आणि ते उत्तर काही आलं नाही.

"तुमी जाऊ नका," खाला म्हणाली.

पंखा तेवढा फिरत होता.

"येता, बसता, खाता," खाला म्हणाली, आणि आता तो आवाज घोगरा राहिला नव्हता, यशराचाच झाला होता. "मला गोष्टी सांगता. मग ओहोटी लागली की जाता. म्हणता, येऊ परत. कुणी येत नाही. मचवे मी गिळले नाहीत, फक्त जाऊ दिले नाहीत. तुम्ही गेलात की इथे मी कुणाशी बोलू?"

झियान आपल्या नखांकडे बघायला लागला. रुचिकाचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. प्रणय फासा हातात घोळवत राहिला. टर्फच्या गोष्टीला त्याच्या मनात कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

"वज्रसेन," तो शेवटी म्हणाला. "वज्रसेन कुऱ्हाड पाण्यात टाकून देतो. तो म्हणतो, खाला, मी दर ओहोटीला येईन."

"वचन?" यशराने विचारलं. कोणत्या आवाजात विचारलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"वचन," प्रणय म्हणाला.

"मी पण," रुचिका म्हणाली.

"चमचे परत करतो," झियान म्हणाला, आणि सगळे एकदम हसले, जरा जास्तच मोठ्याने.

खालाने तिघांना आपल्या कवचावर बसवलं आणि उधाणातून किनाऱ्याला पोचवलं. खेळ संपला. यशरा ओढणीची घडी घालायला लागली.

इतक्यात खाली जेट्टीवर भोंगा वाजला.

"माझी बोट!" रुचिका ताडकन उठली. दारात नसीबाचाची उभ्या होत्या, हातात गाळणं. "अगो, असं कसं जाता?" त्या प्रेमाने म्हणाल्या. "चाय टाकलीय. घोटभर घ्या नि मग जा की, तुमाला कोन अडवतोय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नसीबाचाचींकडे पाहिलं. मग यशराकडे. यशराने ओढणीत तोंड लपवलं.

"पळा!" प्रणय ओरडला.

तिघं पायरीपर्यंत पोचले आणि थांबले. पायरीवर एकही चप्पल नव्हती.

"ऊन होतं," नसीबाचाची म्हणाल्या. "आत घेतल्यात."

चपला शोधेपर्यंत दुसरा भोंगा झाला. रुचिका एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन स्कूटीवर बसली, प्रणय तिच्या मागे टेम्पो घेऊन, झियान उगीचच दोघांच्या मागे धावत. धूळ खाली बसली. अंगण एकदम मोठं वाटायला लागलं.

"भांडलात का गो?" अम्मीने विचारलं.

"न्हाय अम्मी."

"मग पळाली कशाला?"

यशराला हसू आवरेना, आणि काळजीही आवरेना. वचन खालाला दिलं होतं. ते तिलाही दिलं होतं का? टर्फचं कुणी काहीच बोललं नव्हतं. तिने फासे वेचले, सोंगट्या उचलल्या. डबा उघडला तर वरच तो ड्रॅगन पडलेला, एक पंख वाकलेला. तिने तो पंख सरळ केला.

अंगणात स्कूटी वाजली, पाठोपाठ टेम्पो.

"गेली बोट," रुचिका पायरीवर चपला काढत म्हणाली. "आता पुढची. चाची, चहा आहे ना?"

"हाय की," नसीबाचाची म्हणाल्या. पातेलं त्यांनी चुलीवरून उतरवलंच नव्हतं.

झियान धापा टाकत आला आणि आपल्या जागेवर बसला. प्रणय फोनवर बोलतच पडवी चढला. "अरे शनिवारी ठेवा ना. नाही, रविवारी नाही जमणार. रविवारी मला काम असतं." त्याने फोन खिशात टाकला आणि यशराच्या हातातल्या ड्रॅगनकडे पाहिलं.

"बोटीला वेळ आहे," तो म्हणाला. "काढ त्याला. मागच्या वेळचा हिशेब राहिलाय. आणि ह्या वेळी उभा नको करूस नुसता."

तिघांनी सोंगट्या मांडल्या आणि पुढे वाकून बसले.

यशराने ड्रॅगन हातात घेतला. मग चप्पल काढून ती खुर्चीवर चढली, नीट उभी राहिली आणि तिने हात वर केला, पार पंख्याच्या खालपर्यंत. पुठ्ठ्याचे पंख वाऱ्याने फडफडायला लागले.

"अगं ए!" प्रणय ओरडला. "एवढ्या वर माझी कुऱ्हाड कशी पोचणार?"

"नाहीच पोचणार," यशरा म्हणाली.